वाकडी कामं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादा,

सोबत आठ पानं आणि एक कॉर्ड पाठवतो आहे. पानं आधी वाच. त्यांत जे लिहिलं आहे ते आपल्याकडे खरंच होतं, एवढं दिसावं म्हणून कॉर्ड ठेवली आहे.

पानांवर कारखान्याची पुढची योजना आहे. मी एकट्याने लिहिली, म्हणून मला ती तपासता येत नाही. ज्याने टोक पॉलिश केलं त्याने ते मायक्रोस्कोपखाली बघायचं नाही, दुसऱ्याने बघायचं, हा नियम तुला मी सांगायला नको. पॉलिश करणाऱ्याला आपलं टोक स्वच्छच दिसतं. बाबांना पानं दिली तर त्यांनी न वाचता परत केली आणि म्हणाले, "तू बघ." आईने वाचून छान आहे म्हटलं, पण आईला माझं सगळंच छान वाटतं. दहावीला माझी शाळा सुटली तेव्हाही ती म्हणाली होती की अक्षर छान आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, मला कापायला सांग, चिकटवायला सांग, वाचायला सांगू नकोस. राहिलास तू.

झालं असं, की मोठ्या कंपनीचे खरेदीवाले साहेब आले होते. मावशींनी त्यांचं नाव टायवाले ठेवलं आहे. धुळीमुळे आई कुणालाच बुटांनी आत येऊ देत नाही, तसं त्यांनाही तिने दाराशी बूट काढायला लावले. सगळं बोलणं त्यांनी मोजे आणि टाय अशा अवतारात केलं. त्यांना एकच माल हवा आहे, निळ्या टोकांची तीन मीटरची कॉर्ड. वर्षभर तीच. ती इतकी लागणार की हातांनी होणं शक्य नाही, म्हणून कर्ज काढून पॉलिशचं मशीन घ्यायचं आणि बाकी सगळ्यांची कामं बंद करायची. दर वर्षी भाव थोडा उतरवायचा, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. मार्चअखेर हो किंवा नाही कळवायचं आहे.

हे तेच मशीन, ज्यावरून तुझं आणि बाबांचं भांडण झालं. म्हणून तुला लिहायला हात धजत नव्हता. पण त्या मशीनच्या बाजूने बोलणारा घरात तूच होतास आणि आता तू अशी मशीनं चालवणाऱ्या कारखान्यात लाइन सांभाळतोस. म्हणजे खोट काढशील तर तूच काढशील.

पहिलं पान गाळलंस तरी चालेल. बँकेत दाखवायची वेळ आली तर म्हणून त्यावर आपला माल काय ते लिहिलं आहे: केसाएवढा काचेचा तंतू, त्यातून उजेड जातो, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवायचे आणि तंतूचं तोंड घासून आरशासारखं करायचं, की झाली कॉर्ड. तिथे कण राहिला तर उजेड अडतो. खरं म्हणणं दुसऱ्या पानापासून आहे. थोडक्यात सांगतो. सरळ कामं मोठ्यांची. त्यांची लाइन एकदा सुरू झाली की ती थांबवणं त्यांना परवडत नाही. ज्या कामासाठी लाइन थांबवावी लागते ते काम मोठे घेत नाहीत. एक टोक असं, दुसरं तसं, लांबी भलतीच, हवेत फक्त सहा, आणि हवेत परवा. अशा कामांना मी पानांमध्ये "वाकडी कामं" म्हटलं आहे. माझं म्हणणं, आपण ती घ्यायची आणि तेवढीच घ्यायची.

टायवाल्यांना नाही म्हणायचं धाडस माझ्यात आहे की नाही ते मला माहीत नाही. म्हणून तपासून पाठव. लाल पेनने लिहिलंस तरी मला वाईट वाटणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा भाऊ


बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा,

पाकीट पोचल्याचं वहिनींनी आईला कळवलं. तू वाचलंस का ते त्यांनी लिहिलं नाही, आईनेही विचारलं नाही. मी घाई करत नाही. पण इथे एक प्रकार झाला, तो तुला कळायला हवा, कारण योजना तपासताना तो धरावा लागेल.

हो म्हणायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी टायवाल्यांना नमुने द्यायचे होते. नमुने गेले आणि सगळे परत आले. सोबत फोटो. प्रत्येक टोकावर बारीक तंतू, काचेचे नव्हे, कापसाचे. मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. पॉलिशचा कागद बदलला, पुसायचं कापड बदललं, मावशींच्या ओढणीवर संशय घेतला, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शेवटी बाबा स्कोपवरून मान न उचलता म्हणाले, "टोपणं कुणी वाळवली?"

टोपणं आईकडे असतात. कोमट पाण्यात धुऊन ती टॉवेलवर वाळवते आणि मग आपण टोकांवर बसवतो. आपला टॉवेल तुला आठवत असेल, धुऊन धुऊन इतका विरलेला की त्यातून पलीकडचं दिसतं. पण मोठ्या कंपनीचा माल, त्याला असला टॉवेल बरा दिसेल का, म्हणून आईने कपाटातला कोरा टॉवेल काढला होता. नव्या टॉवेलचा सगळा कापूस टोपणांत गेला आणि टोपणांतून टोकांवर.

आई रडवेली झाली. बाबा मात्र खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी कोरा टॉवेल निघाला नाही." आई म्हणाली, तुम्ही कधी टाय लावून आलात. त्यानंतर दोघांनीही टायवाल्यांचा विषय काढला नाही.

टायवाल्यांना मी जसं घडलं तसं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा पाठवा, पण कारणाच्या रकान्यात टॉवेल लिहू नका.

त्याच आठवड्यात दवाखान्यातला टेक्निशियन आला. त्याच्या तपासणीच्या मशीनची कॉर्ड उंदराने कुरतडली होती. मशीन बनवणाऱ्यांकडे ती सुटी मिळत नाही, आणि दुसऱ्या दोन ठिकाणी त्याला सांगितलं होतं की शंभराच्या खाली घेत नाही. लांबी विचित्र होती, एका टोकाला जुन्या पद्धतीचा कनेक्टर. मावशींनी कापली, चिकटवली, दुपारनंतर पॉलिश झाली. तोवर तो दाराशी स्टुलावर बसून होता. मिळाल्यावर त्याने ती खिशात न घालता दोन्ही हातांत धरून नेली. हे मी तुला पटवण्यासाठी लिहीत नाही, झालं ते लिहितो आहे. पण योजनेत पाचव्या पानावर अशाच गिऱ्हाईकाचा उल्लेख आहे.

बाबा बरे आहेत. हल्ली ते स्कोपजवळच बसतात, तिथे उजेड चांगला येतो.

तुझा भाऊ


गुरुवार, ६ मार्च

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पानं तू खरोखर तपासलीस. तिसऱ्या पानावरचं तू काट मारून परत लिहिलेलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आता ते नीट झालं आहे. कॉर्ड परत पाठवलीस आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या चिठ्ठीत एवढंच लिहिलंस: "हे बाबांचं पॉलिश नाही. बाबांना काय झालंय?"

टोक पास होणारं होतं, दादा. बाबांनीच पास केलं होतं. पण तुझं बरोबर आहे. बाबा शेवटचा हात झिजलेल्या कागदावर फिरवतात, त्यामुळे काठापाशी पुसटशीही रेघ राहत नाही. माझ्याकडून अजून एक राहते. ती तुला दिसेल हे मला कळायला हवं होतं.

बाबांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. उजवा. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही, वाढेल मात्र हळूहळू. भाकरी मोडताना, सही करताना फारसं कळत नाही, पण कागदावर इंग्रजी आठ काढत टोक फिरवायचं तर दाब सगळीकडे सारखा लागतो, तो आता पडत नाही. एक दिवस त्यांनी दहा टोकं केली, मी तपासली आणि दहाही बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन स्कोपजवळ जाऊन बसले आणि मला म्हणाले, "चल, उठ. तू तिकडे." तेव्हापासून पॉलिश मी करतो आणि बघतात ते. डोळे चांगले आहेत. माझं काहीच त्यांना पसंत पडत नाही, पण डोळे चांगले आहेत.

तुला कळवलं नाही कारण त्यांनी बजावलं होतं. म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. दया येऊन परत येईल, मग तो तिकडचाही राहणार नाही आणि इथलाही होणार नाही." आईनेही मला तेच सांगितलं, पण ती तोंड फिरवून सांगत होती. आता तुला कॉर्डने सांगितलं, मी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर मला तसं म्हणता येईल.

तुझ्या लाल पेनाबद्दल. एक, वाकड्या कामात पॉलिशपेक्षा समजण्यात चूक जास्त होते. गिऱ्हाईक निळं टोक मागतं आणि त्याला हवं असतं हिरवं. म्हणून काच कापण्याआधी फोन करून सगळं वाचून दाखवायचं, आणि ते काम तपासणाऱ्याचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सहाव्या पानात घालतो. दोन, कनेक्टर सगळ्या जातींचे थोडे थोडे ठेवावे लागतील. घातलं. तीन, सगळी योजना हातावर उभी आहे आणि तो हात बाबांचा नाही. तिथे तू दोनदा खूण केलीस आणि शेवटी लिहिलंस: "वेडेपणा करू नकोस. मोठी ऑर्डर घे. मशीनचा हात थरथरत नाही."

नवे नमुने गेले आहेत, जुन्या टॉवेलवर वाळवलेले.

तुझा भाऊ


सोमवार, २४ मार्च

दादा,

नमुने पास झाले. सगळे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना नाइलाजाने केलं असं तुला वाटणार नाही.

करार वाचायला टायवाल्यांनी मला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. मी लवकर पोचलो. बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर खोकं. बाबांपेक्षा थोडे लहान. खोक्यात कॉर्डच होत्या, पिवळ्या. परत केलेला माल घेऊन आले होते, म्हणजे चूक नेमकी काय ती विचारायला. मी विचारलं, तुमचाही कारखाना का. म्हणाले, होता म्हणा, आता यांचाच आहे, कुलूप तेवढं माझं. आधी ते सगळ्यांचं करायचे, रेडिओ केंद्राचं, पाण्याच्या पंपांचं, नाटकाच्या दिव्यांचंसुद्धा. ही ऑर्डर आली तेव्हा त्या सगळ्यांना त्यांनी नाही म्हटलं. आता भाव उतरवायला सांगतात तेव्हा दुसरीकडे बघावं म्हटलं तर दुसरीकडे कुणीच उरलं नाही. मशीन चांगलं आहे म्हणाले. मशीनबद्दल काही तक्रार नाही म्हणाले.

ते रडगाणं गात नव्हते, दादा. बाकावर सरकून मला जागा करून देत होते, आणि तुम्ही नवीन का, असं आपुलकीने विचारत होते.

तुझं म्हणणं खोटं नाही. मशीनचा हात थरथरत नाही. पण हात आपला आहे की दुसऱ्याचा, एवढाच प्रश्न मला तिथे पडला. माझी रेघ अजून राहते, ती जाईल. त्यांना नाही म्हणायचा हक्क एकदा गेला तर तो परत येईल असं त्या गृहस्थांकडे बघून वाटलं नाही. मी आत जाऊन टायवाल्यांना नाही म्हणालो. दोनदा म्हणावं लागलं. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, तुमच्यामागे रांग आहे. मी म्हणालो, हो, बाहेर बघितली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते स्कोपचं भिंग पुसत होते.

"दादा काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

तुला लिहितो हे त्यांना माहीत आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"टपालाच्या पावत्या माझ्याच टेबलावर टाकतोस. काय म्हणाला?"

"घे म्हणाला."

"मग?"

"तरी मी नाही म्हणून आलो."

ते भिंग पुसत राहिले. मला वाटलं आता बोलणी बसतील, एक तर तुझ्यावरून, नाही तर माझ्यावरून. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. तपासणाऱ्याने खोटच काढायची असते. पण माल कुणी करायचा? तूच ना?" आणि मला सकाळची सहा टोकं परत दिली. नापास.

मला भीती वाटते आहे, दादा. ती काही योजनेत लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिली.

तुझा भाऊ


शनिवार, १२ एप्रिल

दादा,

तू रागावला आहेस असं वहिनींच्या दोन ओळींवरून वाटतं. त्या फक्त "ठीक आहे" लिहितात तेव्हा ठीक नसतं, असं आई म्हणते.

हे दिवस कठीण गेले. खोटं सांगत नाही. मावशी अर्धा दिवस येतात, बाकीचा अर्धा त्या बहिणीच्या दुकानात बसतात. त्यांनीच आपण होऊन तसं सुचवलं, आणि जाताना कात्री आपल्याकडेच ठेवून गेल्या, म्हणजे परत येणार. मी दिवसभर पत्रं टाकतो, दवाखाने, पाण्याची केंद्रं, शाळांच्या प्रयोगशाळा. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांना खरंच काहीतरी वाकडं हवं असतं.

तुझी पहिली सूचना आम्ही सुरू केली आहे. कापण्याआधी फोन, आणि तो तपासणाऱ्याने करायचा. तपासणारे बाबा. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही, माणूस लांब आहे म्हणून ते तेवढ्या मोठ्याने बोलतात. पहिल्याच फोनला शेजारचा सुतार काय झालं म्हणून बघायला आला. बोलणं मात्र भारी असतं. लांबी वाचतात, टोकं वाचतात, आणि मग विचारतात, "समोर काय लावणार?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. पंपकेंद्रातल्या बाईंनी निळं टोक लिहिलं होतं. बाबांनी समोरच्या पेटीचा रंग बघून यायला सांगितला, फोन धरून बसले. पेटी हिरवी निघाली, म्हणजे तिरक्या घासलेल्या तोंडाची. निळं पाठवलं असतं तर लागलं असतं, पण उजेड निम्म्यातच अडला असता, आणि नाव आपलं गेलं असतं. त्या बाईंनी परवा आणखी दोन ठिकाणांहून कामं पाठवली आणि लिहिलं, त्या मोठ्या आवाजाच्या काकांकडूनच फोन यावा.

बाबांनी दाढी रोज करायला सुरुवात केली आहे. फोनवर दिसत नाही हे त्यांना आईने सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे.

पुरेल का, तेवढं अजून सांगता येत नाही. आणखी थोडी कामं हवीत.

तुझा भाऊ


रविवार, २७ एप्रिल

दादा,

शुक्रवारी एक ऑर्डर आली. तुमच्या कारखान्याच्या कागदावर, खाली संपर्क म्हणून लाइन सुपरवायझर, फोन नंबर तुझा. सोबत एक ओळही नाही. चोवीस कॉर्ड, चार निरनिराळ्या लांबीच्या, एका बाजूला हिरवं टोक, दुसऱ्या बाजूला तो जुना गोल कनेक्टर, जो आता कुणी ठेवत नाही.

मी ती सबंध दिवस खिशात ठेवून फिरलो. तू दया म्हणून पाठवलीस का, हे मला आधी माझ्यापुरतं ठरवायचं होतं. मग लांब्या बघितल्या. तुमच्या तपासणीच्या टेबलांवरची जुनी मीटरं असणार. एवढ्यासाठी लाइन थांबवली तर तुमचा निम्मा दिवस जाईल. म्हणजे काम खरं आहे. संध्याकाळी बाबांना दिली. कागदावर नाव नव्हतं, तरी नंबरवरून त्यांनी ते ओळखलं. मग त्यांनी मला पडला होता तोच प्रश्न विचारला.

"दया तर नाही ना ही?"

मी म्हणालो, "बाबा, इतकी वाकडी ऑर्डर दयेपोटी कुणी देत नाही."

आई स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातून काहीतरी पडलं.

मी म्हणालो, या वेळी फोन मी करतो. बाबा म्हणाले, तपासणारा कोण? मी म्हणालो, तुम्ही. मग तू कशाला करतोस, म्हणाले. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, "त्याला सांगायचं काय?" मी म्हणालो, तेच, सगळ्यांना सांगता ते. लांबी, टोकं, समोर काय लावणार. म्हणाले, "आणि नंतर?" नंतरचं तो बोलेल, असं मी म्हणालो. ते "बघू" म्हणून परत स्कोपकडे गेले, पण खाली टोक लावलेलं नव्हतं, नुसतेच बघत बसले होते.

त्यांनी बुधवार ठरवला आहे, दुपारी तुमची जेवणाची सुट्टी संपल्यावर, म्हणजे तू घाईत नसशील. हे पत्र तोवर मिळावं म्हणून मी आजच, रविवारीही उघड्या असणाऱ्या मोठ्या पोस्टात टाकतो. आपल्या कारखान्याच्या नंबरवरून आलेला फोन तू घेत नाहीस. आईने करून बघितलं आहे, मीही. बाबांना हे माहीत नाही, कारण त्यांनी कधी केलाच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा करणार आहेत.

आवाज मोठा येईल, चिडले आहेत असं समजू नकोस. आकडे वाचताना मध्ये थांबले तर कागद हातात हलतो म्हणून थांबतात, तू पुढचा आकडा सांगू नकोस, त्यांना स्वतः वाचलेलं आवडतं. समोर काय लावणार हे विचारतील तेव्हा टेबलाशी जाऊन बघून ये आणि मगच सांग. ते फोन धरून बसतात. कितीही वेळ बसतात.

मावशी बुधवारी पूर्ण दिवस येणार आहेत. कनेक्टर मिळाले, रीळ टेबलावर लावून ठेवलं आहे. पण फोन होईपर्यंत काच कापायची नाही, हा आता इथला नियम आहे आणि तो तूच घालून दिला आहेस.

फोन उचल.

तुझा भाऊ